जंतूचं नाव बाजूला ठेवा, कानामागची भिंत बघा

पत्र

नमस्कार डॉक्टर,

मी ऐरोलीत राहते. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. गणपतीत आम्ही चिपळूणजवळ सासरी गेलो होतो. विसर्जनाला मुलगा पावसात भिजला, सर्दी झाली आणि परत आल्यावर एका रात्री डावा कान धरून रडायला लागला. जवळच्या डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिनचं सिरप आणि कानात घालायचे थेंब दिले. तिसऱ्या दिवशी कान फुटला, पिवळं पाणी आलं आणि ठणका थांबला. सगळे म्हणाले, आता बरं वाटेल. दोन दिवस खरंच खेळला. मग हुडहुडी भरून ताप, उलट्या, मान एका बाजूला वाकडी. कानामागे एवढी सूज की कान पुढे ढकलल्यासारखा दिसायचा. नवरा रबाळ्याला रात्रपाळीला होता. धाकटीला शेजारी ठेवून मी त्याला रिक्षात घातलं. विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलेलं, त्यामुळे ठाण्यातल्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत रात्रीचे दोन वाजले.

एमआरआयमध्ये कानामागच्या हाडात पू आणि शेजारच्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, पडद्यात छोटी नळी बसवली. चार दिवसांनी पुवाचा रिपोर्ट आला: फ्युजोबॅक्टेरियम नेक्रोफोरम. डॉक्टर म्हणाले, कानात हा फार क्वचित सापडतो. तीन आठवड्यांनी घरी आलो. मी मोबाइलवर ते नाव शोधलं आणि झोप उडाली. हा गुरांचा जंतू आहे, माणसं दगावतात, असं काहीबाही लिहिलंय. गावी तो गोठ्यात खेळायचा. सासूबाई म्हणतात, हल्लीच्या आया मुलांच्या कानात तेल घालत नाहीत म्हणून हे झालं. शिवाय त्यांना प्रश्न पडलाय की जुलाबाचं औषध कानाला कशाला दिलंय.

माझी चूक झाली का? त्याला नीट ऐकू येईल ना? धाकटीला हे लागेल का? रक्त पातळ करायचं इंजेक्शन मला घरी दिवसातून दोनदा द्यायचंय, हात थरथरतो.

— एक आई, ऐरोली

उत्तर

ताई,

पहिलं उत्तर पहिल्या प्रश्नाला. तुमची चूक झाली नाही. नवरा घरी नाही, पुलाखाली पाणी, कडेवर तापाने फणफणलेलं पोर, आणि तरीही तुम्ही "सकाळी बघू" म्हणाला नाहीत. या दुखण्यात पालकांच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच, आणि ती तुम्ही केलीत.

आता गोठ्याचं. मोबाइलने तुम्हाला अर्धं खरं सांगितलंय. या जंतूचे दोन पोटप्रकार आहेत. एक गुरांमध्ये यकृतात गळवं करतो, खुरं सडवतो. माणसांच्या आजारात सापडतो तो साधारणपणे दुसरा, आणि तो माणसाच्याच घशात असतो. म्हणजे चिपळूणच्या गाई निर्दोष सुटल्या. तेल न घालणाऱ्या आयाही. तेल बाहेरच्या नळीत जातं, पडद्याच्या पलीकडे जात नाही, आणि मधल्या कानातला आजार येतो आतून: घशाच्या वरच्या भागातून कानाकडे जाणाऱ्या नळीतून. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळपास आडवी असते. सर्दीने ती सुजते, तोंड बंद होतं, आत पाणी साठतं आणि घशातल्या जंतूंना घर मिळतं. विसर्जनाच्या पावसाचं पाणी कानात शिरून हे होत नाही. सर्दी झाली ती विषाणूंमुळे, आणि गणपतीत घरभर पाहुणे असताना विषाणूंना पाऊस लागत नाही. सासूबाईंना सांगताना एवढंच सांगा की डॉक्टरांनी तेल सध्या सक्त मना केलंय. पडद्यात नळी आहे, त्यातून लसूण कडवलेलं तेल थेट आत जाईल. वाद तिथेच मिटवा, जिंकायला जाऊ नका.

आता जंतूचं नाव जरा बाजूला ठेवा, कारण तुम्हाला खरं समजून घ्यायचंय ते वेगळंच आहे. कानामागे हात लावा. तिथे जे टणक हाड लागतं, ते आतून भरीव नाही. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक बारीक हवेच्या खोल्या त्यात आहेत आणि त्या सगळ्या मधल्या कानाला जोडलेल्या आहेत. जुन्या चाळीसारखी रचना: सगळ्या खोल्यांची दारं एकाच गॅलरीत. कानात पू झाला की थोडाफार या खोल्यांमध्येही जातोच, दरवेळी जातो, आणि कानाबरोबर तो निवळतोही. अडचण होते ती गॅलरीचं दार सुजून बंद झालं तर. मग आतला पू दाब धरतो आणि खोल्यांमधल्या भिंती झिजवायला लागतो. या चाळीच्या मागच्या भिंतीला लागूनच मेंदूकडचं रक्त खाली गळ्यात आणणारी एक जाड शीर आहे. वरच्या छताला लागून मेंदू. मधून चेहऱ्याची नस. मधली हाडाची पाटी कागदासारखी पातळ. पू कुठल्या भिंतीतून फुटेल, त्यावर पुढचा आजार ठरतो. बाहेरच्या बाजूने फुटला तर कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला जातो. खालच्या टोकातून मानेच्या स्नायूंखाली उतरला तर मान वाकडी धरली जाते. मागच्या शिरेला लागला तर तिथे गुठळी होते आणि थंडी वाजून ताप चढतो-उतरतो. तुमच्या मुलाचं वर्णन तुम्ही पत्रात केलंय, त्यातून डॉक्टरांना हा नकाशाच दिसला असेल.

म्हणून कान फुटला आणि ठणका थांबला याचा अर्थ एवढाच, की पडद्यावरचा दाब सुटला. दहापैकी नऊ घरांत तिथेच गोष्ट संपते, हे खरंय, आणि म्हणून सगळे तसंच म्हणतात. मीही ओपीडीत तेच म्हणते. पण त्यापुढे एक वाक्य जोडते: कान फुटल्यावर दोन दिवसांत मूल पूर्ण ताजंतवानं व्हायला हवं. पुन्हा ताप, पुन्हा दुखणं, किंवा कान वाहतोय आणि मूल मरगळलेलंच, असं झालं तर परत या.

पहिल्या डॉक्टरांवर राग धरू नका. पहिल्या तीन दिवसांत हा कान आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाचा सर्दीने दुखणारा कान यांत फरक ओळखता येत नाही, मलाही आला नसता. अझिथ्रोमायसिनबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे. कानासाठी पहिली निवड साधारणपणे अमॉक्सिसिलिन. अझिथ्रोमायसिन दिवसातून एकदा द्यायचं, तीन दिवसांत संपतं, म्हणून आपल्याकडे ते पाण्यासारखं दिलं जातं, आणि या जंतूवर तर ते भरवशाचं नाही. पण अमॉक्सिसिलिन दिलं असतं तर हे टळलंच असतं असंही कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. हाडापर्यंत पू गेलेल्या अनेक मुलांना आधी अँटिबायोटिक मिळालेलं असतं.

आता त्या जंतूकडे येऊ, कारण जुलाबाच्या औषधाचं उत्तर तिथे आहे. मधल्या कानात नेहमी सापडणारे जंतू तीन-चारच: न्यूमोकोकस, हिमोफिलस, मोराक्सेला, कधी स्ट्रेप्टोकोकस. तुमच्या मुलाचा जंतू हवेत जगत नाही. प्राणवायू लागला की मरतो. म्हणून बंद, पुवाने भरलेली जागा त्याला मानवते. आणि त्याचा वाईट गुण म्हणजे तो शेजारच्या शिरेत रक्त गोठवतो आणि त्या गुठळीत स्वतः लपून बसतो. तिथून तुकडे सुटले तर फुप्फुसात, सांध्यात जाऊ शकतात. आंद्रे लेमिएर या फ्रेंच डॉक्टरांनी १९३६ साली अशा रक्तात पसरलेल्या २० रुग्णांची हकिकत लिहिली, त्यांपैकी १८ दगावले. तुमची झोप उडवणारे आकडे बहुतेक तिथूनच आलेत. तेव्हा पेनिसिलिनसुद्धा वापरात नव्हतं, ताई. ते रुग्णही बहुतेक घसा दुखण्यापासून सुरुवात झालेले मोठे होते. तुमच्या मुलाला वेळेत ऑपरेशन मिळालं आणि योग्य अँटिबायोटिक मिळालं. दोघांची तुलना करू नका.

हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंवर जे औषध उत्तम चालतं, ते मेट्रोनिडॅझोल. आपल्याकडे घरोघरी ते जुलाबाचं म्हणून माहीत आहे, कारण अमिबावरही ते चालतं. सासूबाईंचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष तेवढा चुकला. ते कडू असतं, तोंडाला लोखंडासारखी चव येते, मूल थुंकणार. चमचाभर दिल्यावर मागून केळ्याचा घास द्या. पण चिठ्ठीवर लिहिलेल्या दिवसापर्यंत दोन्ही अँटिबायोटिक पूर्ण करा. हाडातला आणि गुठळीतला जंतू संपायला एकूण चार ते सहा आठवडे लागतात. मूल पळायला लागलं म्हणून मध्येच थांबवायचं नाही.

एक गोष्ट तुम्ही लक्षात घेतली नसेल. हा जंतू सापडला याचा अर्थ तुमच्या हॉस्पिटलने काम नीट केलं. बाहेरून कानात कापूस फिरवून पाठवलेल्या नमुन्यात तो बहुतेक वेळा मिळत नाही. पू आतून सुईने ओढून, हवा लागू न देता, लगेच प्रयोगशाळेत पोचवावा लागतो, आणि उगवायला काही दिवस लागतात. "काहीही उगवलं नाही" असे रिपोर्ट मी शेकड्याने पाहिलेत, त्यांतल्या काहींत तो नक्की असणार. तो क्वचित सापडतो, यात थोडा दोष आपल्या शोधण्याचाही आहे.

इंजेक्शनबद्दल. पहिले दोन दिवस थरथरणारच, मग सरावेल. पोटावर, बेंबीपासून दोन-तीन बोटं लांब किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला, चिमटीत कातडी धरून सुई सरळ आत. दररोज जागा बदला. दिल्यावर चोळायचं नाही, नुसतं बोटाने दाबून धरा. छोटा निळसर डाग पडला तर घाबरू नका. मात्रा त्याच्या वजनावर ठरलेली आहे, म्हणून सिरिंजमध्ये किती भरायचं ते नर्सबाईंकडून एकदा तुमच्यासमोर खुणेने दाखवून घ्या. एखादा डोस चुकला तर पुढचा दुप्पट देऊ नका, फोन करा. मुलांमध्ये हे औषध द्यावं की नाही यावर डॉक्टरांत अजून मतभेद आहेत. तुमच्या डॉक्टरांनी द्यायचं ठरवलंय, तर ते साधारण तीन महिने चालेल, मग पुन्हा स्कॅन. तेव्हा शीर पूर्ण मोकळी दिसली तर उत्तमच. नाही दिसली तरी बहुधा दुसऱ्या बाजूच्या शिरेने काम उचललेलं असतं.

या तीन महिन्यांत दोन गोष्टी घरात सगळ्यांना माहीत हव्यात. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन नाही, त्याने रक्तस्राव वाढतो. मेडिकलवाले तापाला दोन औषधं एकत्र केलेलं सिरप सर्रास देतात, म्हणून बाटलीमागचं बारीक लेबल वाचा. दुसरं, सायकल, गच्चीवरचं क्रिकेट, सोसायटीतली घसरगुंडी सध्या बंद. डोक्याला मार लागला तर तो हसत असला तरी हॉस्पिटलात न्या. नाकातून रक्त दहा मिनिटं दाबूनही थांबलं नाही, शी काळी झाली, तरीही.

पुन्हा रात्री रिक्षा करण्याची वेळ केव्हा? थंडी वाजून ताप, न थांबणारी डोकेदुखी किंवा उलट्या, नेहमीपेक्षा जास्त झोप, तोंड एका बाजूला ओढलं जाणं, डोळा तिरळा होणं किंवा "आई, दोन दोन दिसतंय" म्हणणं. आणि एक, जे पालक कानाशी जोडत नाहीत: अचानक लंगडायला लागणं किंवा खोकल्यासोबत छातीत दुखणं. गुठळीचे तुकडे सांध्यात किंवा फुप्फुसात गेल्याची ती खूण असू शकते. यातलं काही होईलच असं नाही. फ्रिजवर चिकटवून ठेवा, झालं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही एकदा नेऊन आणा, चिठ्ठीवर लिहिलं नसलं तरी विचारा. त्या शिरेत गुठळी असली की डोक्यातला दाब वाढू शकतो आणि तो डोळ्याच्या आतल्या पडद्यावर दिसतो. थेंब घालून पाच मिनिटांची तपासणी.

ऐकू येण्याबद्दल मी बरीच आशावादी आहे. सध्या त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येत असणार, कारण आत सूज आहे, कदाचित अजून पाणी आहे. कान बरा होऊनही आतलं पाणी तीन महिन्यांपर्यंत राहू शकतं. साधारण सहा-आठ आठवड्यांनी श्रवणचाचणी करा. साडेचार वर्षांच्या मुलाला खेळत खेळत करता येते: आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा. बहुतेक मुलांचं ऐकणं परत येतं, पण आतल्या कानाला झळ लागली असेल तर ती या चाचणीत कळेल. अंदाजावर बसू नका, चाचणी करा. आंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कान बंद करा.

धाकटीला हा आजार लागत नाही. सर्दी मात्र लागते, भावाची तिला आणि तिची भावाला. तिचं लसीकरणाचं कार्ड काढून न्यूमोकोकसची लस झालीय का बघा. सरकारी कार्यक्रमात ती २०२१ पासून देशभर आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना, पालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट. या जंतूवर ती चालत नाही, पण कान बिघडवणाऱ्या नेहमीच्या एका मोठ्या जंतूवर चालते. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती आता जिन्यातही नको.

जाता जाता एक आडवळण, कारण असल्या पत्रांनंतर मला नेहमी दुसरी पत्रं येतात. कानातल्या विचित्र जंतूंमध्ये मला या शहरात फ्युजोबॅक्टेरियमपेक्षा दुसऱ्याचीच भीती जास्त वाटते, आणि तो आपल्याकडे विचित्रही नाही: क्षयाचा. त्यात ठणका नसतो. कान दुखत नाही, नुसता पातळ वाहतो, महिनोन्‌महिने, कुठल्याही थेंबांनी थांबत नाही, आणि ऐकणं मात्र वाहण्याच्या मानाने फार लवकर जातं. बरीच वर्षं झाली, कळव्याची एक कॉलेजातली मुलगी माझ्याकडे होती. चार महिने मी थेंब बदलत राहिले. तिचा चेहरा एका बाजूने ओघळला तेव्हा माझे डोळे उघडले. आतल्या मांसाचा तुकडा तपासला, क्षय निघाला. औषधांनी बरी झाली, चेहराही सुधारला, डावा कान मात्र गेला तो गेला. दुखत नाही म्हणून कान वाहू देणाऱ्यांनी हे वाचावं. थेंबांना दाद न देणारा कान असेल तर क्षयाची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते.

शाळेचं विचारलं नाहीत, पण विचाराल. दोन आठवडे घरीच ठेवा, मग पाठवा. बाईंना चिठ्ठी द्या की इंजेक्शन चालू आहे, धक्काबुक्कीचे खेळ नकोत. आणि त्याला वर्गात असं बसवायला सांगा की बाई त्याच्या उजव्या हाताला येतील. चाचणी होईपर्यंत त्याने "अं?" म्हटलं तर हट्टीपणा समजू नका, त्या बाजूने पुन्हा सांगा.